देव जवळ आहे हे माहीत आहे, पण जाणवत नाही. अशा वेळी तुम्ही काय करता?

जाईजुई | सोमवार, रात्री 11:50

सगळ्यांना सलाम. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज झोप येत नाहीये, म्हणून लिहितेच.

आम्ही मूळचे नगरचे, आता पुण्यात. पणजोबांपासून घर ख्रिस्ती मंडळीत आहे. रविवारची उपासना चुकलेली मला आठवत नाही. मिस्टर 52 वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, एका वेळी चार तास. सकाळची पहिली शिफ्ट असते, साडेपाचला घर सोडावं लागतं.

डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर सांगितलंय. त्यात पाणी, चहा, आमटी, ताक, औषधाबरोबरचा घोट, सगळं आलं. मी रात्रीच एक लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवते. त्यांनी अर्धा कप चहा घेतला की बाटलीतलं तेवढंच पाणी कुंडीत ओतते. म्हणजे दिवसाचं किती उरलं ते दोघांनाही दिसतं. मे महिन्यात संध्याकाळी सहालाच बाटली रिकामी व्हायची. मग रात्री झोपेपर्यंत बर्फाचा एक तुकडा तोंडात धरून बसायचे.

गेल्या गुरुवारी आमच्याकडे प्रार्थना सभा होती. वाचनाला स्तोत्र 42 निघालं. "हरिणी जशी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते..." वाचणाऱ्याच्या मनात काही नव्हतं, स्तोत्र सुंदरच आहे. पण मी ह्यांच्याकडे बघितलं आणि मला तिथे बसवेना. सभा संपल्यावर एक जण म्हणाले, "विश्वासाने मागितलं असतं तर एव्हाना मशीन सुटलं असतं. घरात काही कबूल न केलेलं पाप आहे का, शोधा." हे काही बोलले नाहीत. सगळ्यांना फाटकापर्यंत सोडून आले. रात्री दिवा मालवल्यावर मला विचारलं, "खरंच असेल का गं?"

मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. खरं सांगायचं तर मीही आतून कोरडी झालेय. रोज प्रार्थना करते, पण भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. देव सोडून गेलाय असं मी म्हणणार नाही, माझी जीभ रेटत नाही. पण जवळ आहे म्हणताना आतून काही हलत नाही.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का?

आशेचा_किरण | मंगळवार, सकाळी 7:05

ताई, धीर सोडू नका. रोमकरांस पत्र 8:28 वाचा. देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. यामागे देवाची काहीतरी योजना असणार. तुमच्या कुटुंबासाठी प्रार्थना करतो.

पानवेल | मंगळवार, सकाळी 10:20

जाईजुई, ज्यांनी ते पापाचं वाक्य टाकलं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडून दाखवा. शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हाच प्रश्न विचारला होता, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूचं उत्तर आहे, ना याने, ना याच्या आईबापांनी. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना आजारी माणसाच्या घरात बसून असं बोलवतं कसं? मला फार राग आलाय, माफ करा.

मी वसईची, आम्ही कॅथलिक. माझी आई गेली तेव्हा पुढचे कितीतरी आठवडे माझ्या तोंडून "हे आमच्या बापा" सुद्धा पूर्ण होत नव्हतं. अर्ध्यात अडकायचं. आमच्या आळीतल्या बायका रोज संध्याकाळी ओटीवर येऊन जपमाळ म्हणायच्या. मी नुसती भिंतीला टेकून बसायचे. एकीनेही मला "तू म्हण" म्हटलं नाही. माझ्या वाटची प्रार्थना त्या म्हणत होत्या. माझी श्रद्धा तेव्हा माझ्याजवळ नव्हती, त्या बायकांकडे ठेवायला दिली होती असं मला आता वाटतं. परत घ्यायला मला वर्ष लागलं.

आणखी एक सांगते. मदर तेरेसांची खाजगी पत्रं 2007 साली, त्या गेल्यानंतर दहा वर्षांनी छापली गेली. त्यांत त्यांनी आपल्या पाळकांना पुन्हापुन्हा लिहिलंय की आत अंधार आहे, देव जाणवत नाही. महिना दोन महिने नाही, जवळजवळ पन्नास वर्षं. आणि त्या पन्नास वर्षांत त्या रोज पहाटे उठून मिस्सेला बसत होत्या आणि मग रस्त्यावरच्या मरणाऱ्या माणसांकडे जात होत्या. तुम्हीही पहाटे उठून साडेपाचला निघताच आहात ना?

मी_एक_वाटसरू | मंगळवार, दुपारी 1:15

मी ख्रिस्ती नाही, देवही मानत नाही. दुखवायचा हेतू अजिबात नाही, तसं वाटलं तर लिहिलेलं काढून टाकेन. पण प्रामाणिकपणे विचारतो. जाणवत नसताना "आहे" म्हणणं ही स्वतःची समजूत घालणं नाही का? आणि जो काहीच करत नाही तो जवळ असला काय आणि नसला काय, आजारी माणसाला त्याचा उपयोग काय?

जाईजुई | मंगळवार, दुपारी 3:40

पानवेल, तुमचं वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. बरं वाटलं.

आशेचा_किरण, तुम्ही प्रेमाने लिहिलंत हे कळतं. पण ते वचन गेल्या वर्षभरात मला इतक्या जणांनी इतक्या घाईने सांगितलंय की ते आलं की मला दार लावून घ्यावंसं वाटतं. वचनावर माझा राग नाही.

वाटसरू, काढून टाकू नका. हा प्रश्न मलाही रात्री पडतो. उत्तर माझ्याकडे नाही.

जुना_मेंढपाळ | मंगळवार, रात्री 9:30

मी निवृत्त पाळक आहे. चाळीस वर्षं मंडळ्यांची सेवा केली, बहुतेक खेड्यांत. डोळे अधू झालेत. नात लिहून घेते आहे.

बाळ जाईजुई, आधी तुझ्या मिस्टरांच्या प्रश्नाबद्दल. "खरंच असेल का?" नाही. त्यांना सांग, एका म्हाताऱ्या पाळकाने नाही म्हणून सांगितलंय. शास्त्रातल्या ईयोबावर दुःख कोसळलं तेव्हा त्याच्या मित्रांनीही हेच केलं. दुःख आहे म्हणजे पाप असणार, असा हिशेब मांडला. पुस्तकाच्या शेवटी देव ईयोबावर रागावत नाही, त्या मित्रांवर रागावतो. पण त्यांची एक गोष्ट चांगली होती, ती आपण विसरतो. आल्यावर पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले, आणि त्याचं दुःख फार मोठं आहे हे बघून कोणी एक शब्दही बोललं नाही. तोंड उघडलं तिथून त्यांचं चुकत गेलं. मी स्वतः कितीतरी घरांत पहिल्या पाच मिनिटांतच तोंड उघडलंय. त्यातली काही घरं मला अजून आठवतात.

आता भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं म्हणतेस त्याबद्दल. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत. त्यातली जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. "हे परमेश्वरा, किती वेळ?" "तू मुख का लपवतोस?" आपण ती उपासनेत कमी वाचतो, कारण गाताना जड जातात. बहुतेक विलापांच्या शेवटी स्तुतीकडे वळण येतं. 88 व्या स्तोत्रात ते येत नाही. मूळ इब्रीत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे, आणि तिथे स्तोत्र थांबतं. ज्यांनी पवित्र शास्त्र एकत्र केलं त्यांनी ते काढून टाकलं नाही. मला या गोष्टीने फार धीर दिलाय. ज्याच्याजवळ स्तुतीचं वळण नाही अशा माणसाचीही प्रार्थना देवाच्या पुस्तकात बसते.

वाटसरू, तुमचा प्रश्न चांगला आहे, आणि तुम्ही तो सभ्यपणे विचारलात. तुमची खात्री पटेल असं काही माझ्याकडे नाही. पण आमच्या विश्वासाच्या मध्यभागी जो माणूस आहे तो वधस्तंभावर ओरडला होता, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे 22 व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. म्हणजे देव जाणवत नाही ही अवस्था आम्ही विश्वासाच्या बाहेरची मानत नाही. आमचा प्रभू तिथे जाऊन आलाय. समजूत घालणारा माणूस "सगळं बरं आहे" म्हणतो. इथे कोणी तसं म्हटलेलं नाही. आणि बघा, त्याग केलास असं तो म्हणतो तेही "माझ्या देवा" म्हणूनच. पाठ फिरवून म्हणत नाही.

उपयोग काय, असं तुम्ही विचारलंत. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून म्हणाला, पुरे झालं, आता माझा जीव घे. देवदूत आला. त्याने उपदेश केला नाही. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलं, आणि ऊठ, खा म्हणाला. एलीया खाऊन पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायलाच दिलं. देवाची ती शांत, मंद वाणी त्याला ऐकू आली ती त्यानंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर. बाळ, भाजी उकळून तिचं पाणी टाकून मग फोडणी देतेस ना? डायलिसिसच्या घरी करावं लागतं, मला माहीत आहे. ते करत राहा.

साक्षीदार_77 | बुधवार, सकाळी 8:10

पाळक साहेबांबद्दल आदर ठेवून लिहितो. आपण हळूहळू आरोग्याची आशाच सोडायला शिकवतोय असं मला वाटतं. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे, वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना करावी आणि विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. माझ्या सख्ख्या भावाला डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. मंडळीने तीन दिवस उपास केला. तो आज शेती करतोय. ही साक्ष मी झाकून ठेवू का?

जुना_मेंढपाळ | बुधवार, सकाळी 11:00

अजिबात झाकू नका. मीही तेल लावलंय, आणि उठलेली माणसं बघितली आहेत. जाईजुईच्या घरीही तेल लावून प्रार्थना व्हावी, रोज मागावं.

फक्त हेही वाचा. प्रेषित पौलाच्या हातून कितीतरी लोक बरे झाले. तोच पौल तीमथ्याला लिहितो की आपला सोबती त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. तो तीमथ्याला तुझ्या पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेत जा म्हणतो, विश्वास वाढव म्हणत नाही. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी त्याने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर मिळालं. तुमच्या भावाची साक्ष खरी आहे आणि त्रफिमाचं दुखणंही खरं आहे. आजाऱ्याच्या घरी गेल्यावर मी आधी त्रफिमाला आठवतो.

चौफुल्याची_लेक | बुधवार, दुपारी 2:30

आमचं गाव केडगावपासून जवळ, त्यामुळे पंडिता रमाबाईंची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. त्यांना आपण विदुषी, समाजसुधारक म्हणून ओळखतो. त्यांच्या घरात किती माणसं गेली हे कोणी ओळीने मांडत नाही.

16 वर्षांच्या आसपासच्या असताना दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या आत गेली. भावाबरोबर पायी देश फिरल्या. तो भाऊ 1880 साली गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि 1882 साली नवरा पटकीने गेला. कडेवर मुलगी, मनोरमा. दुसऱ्या वर्षी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तरी सगळं सुरळीत झालं का? 1896-97 चा दुष्काळ आला. ज्या बाईने स्वतः उपाशीपोटी माणसं गमावली होती, ती मध्य प्रांतात जाऊन दुष्काळातल्या शेकडो मुली घेऊन आली. 1900 च्या सुमाराला मुक्तीत, म्हणजे केडगावच्या त्यांच्या आश्रमात, दोन हजारांच्या घरात बायका-मुलं होती.

आणि 1921 साली मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, चाळिशीची. तीच पुढे सगळं सांभाळणार होती. रमाबाईंना तोवर ऐकूही कमी येत होतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या, साध्या बायकांना कळावं म्हणून. मुलगी गेल्यावरही ते काम त्यांनी सोडलं नाही. एप्रिल 1922 मध्ये त्याही गेल्या. मुक्तीतल्याच बायकांनी छपाईचे खिळे जुळवून छापलेलं ते संपूर्ण शास्त्र बाहेर पडलं ते 1924 साली.

त्या नऊ महिन्यांत त्या टेबलाशी काय बोलत असतील देवाशी, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

इंद्रायणीकाठ | बुधवार, संध्याकाळी 6:15

मी वारकरी घरातली. इथे लिहावं की नाही असं वाटत होतं, पण राहवलं नाही. आमच्या तुकोबांच्या घरातही दुष्काळात पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मूल गेलं, धंदा बुडाला. त्यानंतर ते विठ्ठलाशी जे भांडलेत ते वाचलं तर पाळकबाबा म्हणतात त्या विलापांसारखंच वाटतं. भांडण आपल्या माणसाशीच होतं. परक्याशी कोण भांडतं? तुमच्या कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनाही तुकोबा फार जवळचे होते ना? जाईजुई, मी माझ्या पद्धतीने तुमच्या यजमानांसाठी हात जोडते.

जाईजुई | बुधवार, रात्री 8:00

इंद्रायणीकाठ, हो. माझी आजी टिळकांची भजनं म्हणताना त्यात तुकोबा आहेत असं नेहमी सांगायची. तुम्ही हात जोडलेत, पोचलं.

आज सकाळी पाच नंबरच्या बेडवरच्या आजोबांचा बीपी एकदम खाली गेला. सिस्टर धावल्या, पाय वर केले, सलाईन सोडलं. आजोबा सावरले. पलीकडच्या बेडवरून ह्यांचा मोकळा हात इतका वेळ त्या आजोबांच्या चादरीवर होता. एवढंच सांगायचं होतं. बाकीचं उद्या लिहिते.

पांढरा_कोट_निळी_पट्टी | बुधवार, रात्री 10:45

ताई, मी डायलिसिस युनिटमध्येच सिस्टर आहे, दुसऱ्या शहरात. दोन-तीन कामाच्या गोष्टी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करताय ना? नसेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. तहानेसाठी मीठ अजून कमी करून बघा, तहान मिठाने वाढते. लोणचं, पापड पूर्ण बंद. पाण्याने चूळ भरून थुंकली तरी तोंडाला बरं वाटतं. आणि फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी हातात रक्तवाहिन्या जोडून केलेल्या जागेची, घरघर रोज हाताने बघता ना? ती थांबली किंवा मंद झाली तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच निघायचं.

देवाबद्दल मला तुमच्यासारखं बोलता येत नाही. पण भाऊ लाजर मेल्यावर मार्था येशूला जे म्हणाली ते वाक्य आमच्या युनिटमध्ये मी वेगवेगळ्या भाषांत ऐकलंय. "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." येशूने तिला, तुझा विश्वास कमी आहे, असं म्हटलं नाही. आणि थोड्या वेळाने, लाजराला तो उठवणार हे त्याला माहीत असूनही, तो रडला. माहीत असताना का रडला, हे मला अजून उमगलेलं नाही. पण ड्यूटीवर जाताना ते मनात असतं.

आशेचा_किरण | गुरुवार, सकाळी 6:50

जाईजुई ताई, मी पुण्यातच राहतो. वचन सांगायला घाई केली, चूक झाली. माझी सकाळ मोकळी असते. शुक्रवारी गाडी घेऊन येऊ का? तुम्ही चार तास तिथे बसता, मी बसेन, तुम्ही घरी जाऊन झोपा. बोलणार नाही.

मी_एक_वाटसरू | गुरुवार, सकाळी 9:20

पाळकबाबा, पटलं असं म्हणत नाही. पण 88 वं स्तोत्र काल रात्री शोधून वाचलं. असलं काही धर्मग्रंथात असेल असं मला वाटलं नव्हतं.

जाईजुई, तुमचे मिस्टर कसे आहेत ते इथे कळवत राहा.

जाईजुई | गुरुवार, रात्री 11:10

आशेचा_किरण, या. खरंच या. पत्ता निरोपात पाठवते.

सिस्टर, योजनेवरच चालू आहे. लोणचं आजपासून बंद केलं. ते हिरमुसले, पण बंद.

आज संध्याकाळी ह्यांना 88 वं स्तोत्र वाचून दाखवलं. मी भीत भीतच वाचत होते, आणखी खचतील म्हणून. संपल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुढे काही नाही?" मी म्हटलं, नाही, इथेच संपतं. "बरं झालं," म्हणाले. "कोणीतरी खरं बोललं." मग त्यांनीच योहान काढायला सांगितलं, एकोणिसावा अध्याय. वधस्तंभाजवळचा भाग मी वाचत गेले आणि "मला तहान लागली आहे" आलं तिथे त्यांनी हात वर करून मला थांबवलं. दोनदा वाचायला लावलं. "त्यालाही पाणी दिलं नाही गं," म्हणाले. "आंब दिली, आंबलेला द्राक्षारस." त्यांचा आवाज रडवेला नव्हता. ओळखीचं माणूस भेटल्यावर जसा होतो तसा होता.

त्यानंतर बाटलीत जेवढं उरलं होतं तेवढं त्यांनी तीन घोटांत प्यायलं, सावकाश. मी प्रार्थना केली. काय जाणवलं म्हणाल, तर फारसं काही नाही. पण ह्या वेळी मी "कुठे आहेस?" असं मोठ्याने विचारलं, आणि ते "आमेन" म्हणाले.

आता ते झोपलेत. मी त्यांच्या डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवून बसलेय, उजव्या हाताने टाइप करतेय. कातडीखाली घरघर लागतेय, मांजर मांडीवर घुरघुरतं तशी. चालू आहे. पहाटे साडेपाचला निघायचंय, बाटली भरून ठेवते.